ग्रहांपलीकडचे मन : प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य आणि त्यातले पहिले नऊ महिने वगळता सारे अंधारात. तरीही १३० हून अधिक लहानमोठे ग्रंथ सांगून लिहवून घेणाऱ्या एका अंध कुणबी पुरुषाने वऱ्हाडच्या वैचारिक इतिहासात स्वतःचे स्थान निर्माण केले. गुलाबराव गोंदुजी मोहोड हे त्यांचे नाव. अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजारजवळचे माधान हे त्यांचे गाव. वेदान्त, भक्ती, योग, संगीत अशा नाना विषयांवर त्यांनी रचना केली. त्यांच्या ग्रंथांच्या यादीत 'मानसायुर्वेद' हे एक नाव आहे. मनाच्या व्याधींचा विचार पंचांगाच्या पानांवर करण्याची सवय असलेल्या प्रदेशातून हे नाव पुढे यावे, ही गोष्ट आजही दखल घेण्याजोगी आहे.

६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे त्यांचा जन्म झाला. नवव्या महिन्यात बाळाचे डोळे आले. घरच्यांनी औषध घातले, ते चुकीचे निघाले आणि दृष्टी कायमची गेली. फलज्योतिषात सूर्य आणि चंद्र हे दोन नेत्रांचे कारक मानले जातात. कुंडलीतले दुसरे आणि बारावे स्थान डोळ्यांचे. अशा बालकाची पत्रिका मांडणाऱ्या कोणत्याही जाणकाराला या स्थानांत दोष शोधणे अवघड गेले नसते. चरित्रकारांनी मात्र कारण नोंदवले आहे ते साधे, घरगुती आणि टाळता येण्याजोगे : डोळ्यांत पडलेले चुकीचे औषध. ग्रहांना दोष दिला की औषध देणाऱ्या हाताची चौकशी थांबते, हे या एका घटनेवरून स्पष्ट व्हावे.

चौथ्या वर्षाच्या सुमारास आई अलोकाबाईंचे छत्र हरपले. पुढची काही वर्षे हा मुलगा आजोळी आजीजवळ वाढला. ऐकलेले विसरायचे नाही, अशी त्याची स्मरणशक्ती होती. जो कोणी पोथी वाचून दाखवील त्याच्याजवळ बसायचे आणि सारे मनात साठवायचे, हीच त्याची शाळा. १८९६ साली मनकर्णिकेशी विवाह झाला. १९०१ साली संत ज्ञानेश्वरांनी दर्शन देऊन आपल्या नावाचा मंत्र दिला, अशी त्यांची आणि त्यांच्या अनुयायांची श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती १२९६ साली. म्हणजे गुरू आणि शिष्य यांच्यात सहा शतकांचे अंतर. तेव्हापासून महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. पुढे श्रीकृष्णाला पती मानून त्यांनी कुंकू आणि मंगळसूत्र धारण केले. अद्वैताचे तत्त्वज्ञान आणि गोपींची मधुरा भक्ती यांचा मेळ घालणाऱ्या या मार्गाला मधुराद्वैत असे नाव मिळाले.

विवाहित, अंध आणि शेतकरी कुळातला तरुण मंगळसूत्र घालून वावरतो, हे दृश्य शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खेड्यात सहज पचणारे नव्हते. अशा माणसाचे काय करायचे, याची उत्तरे तेव्हाच्या समाजापाशी ठरलेली होती. साडेसाती आहे, बाहेरचे लागले आहे, वेड लागले आहे किंवा हा साक्षात संत आहे. पहिल्या दोन उत्तरांसाठी गावातच जोशी आणि मांत्रिक होते. तिसऱ्यासाठी नागपूरला १८६४ पासून वेड्यांचे इस्पितळ होते. पण तेथे जाणे म्हणजे घरादाराला कायमचा कलंक. चौथे उत्तर फार थोड्यांच्या वाट्याला येई. १८७८ साली शेगावात प्रकटलेल्या गजानन महाराजांनाही आरंभी अनेकांनी पिसाच ठरवले होते. उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचणारा माणूस आणि पुढे ज्याच्या दर्शनाला अकोला-अमरावतीहून रीघ लागली तो माणूस एकच. बदलली ती बघणाऱ्यांची दृष्टी. गुलाबराव महाराजांच्या बाबतीतही असेच घडले. आजचा मनोविकारतज्ज्ञ अशा वेळी वेशाकडे पाहून निदान करणार नाही. माणसाला स्वतःला त्रास होतो आहे काय, त्याचे काम आणि नातीगोती कोलमडली आहेत काय, हे तो आधी विचारील. शेकडो पृष्ठांचा सुसंगत युक्तिवाद तोंडी सांगणाऱ्या पुरुषाविषयी या प्रश्नांची उत्तरे काय येतील, हे सांगायला नको.

मनाचा आणि ग्रहांचा संबंध जोडण्याची परंपरा मात्र मोठी आणि रेखीव आहे. चंद्र हा मनाचा कारक, बुध हा बुद्धीचा आणि वाणीचा. चंद्र शनीने ग्रासला तर खिन्नता, राहूशी जडला तर भ्रम आणि भय. केरळात सतराव्या शतकात रचल्या गेलेल्या 'प्रश्नमार्ग' या ग्रंथात तर उन्मादाचे योगच दिलेले आहेत. मनुष्यस्वभावाचे प्रकार पाडण्याची हौस जगभर आहे. वेडासाठीचा इंग्रजी शब्दही चंद्रावरूनच आलेला आहे. वऱ्हाडातल्या घरांत आजही एखादा मुलगा अबोल झाला, परीक्षेनंतर झोपेनासा झाला किंवा एखादी सून एकाएकी बडबडू लागली, तर आधी पत्रिका बाहेर निघते. शांत होते, खडा होतो, गंडादोरा होतो आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत आजाराला महिने उलटलेले असतात. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. पत्रिका घरच्यांना एक दिलासा देते : दोष आपल्या वागण्यात नाही, रक्तात नाही, आकाशात आहे. वेड या शब्दाची ज्यांना धास्ती, त्यांना शनी हा सोयीचा आडोसा वाटतो.

हा आडोसा कितपत भक्कम आहे, याची एक पद्धतशीर कसोटी महाराष्ट्रातच घेतली गेली. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह पुण्यात हा प्रयोग केला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार करण्यात आल्या. त्यातल्या प्रत्येकी चाळीस पत्रिका ज्योतिषांना दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच सांगायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडवून ठरवले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. बुद्धीचा कारक बुध असेल, तर त्याने निदान येथे तरी साक्ष द्यायला हवी होती.

पुण्यातल्या या प्रयोगाच्या शंभर वर्षे आधी माधानच्या अंध ग्रंथकाराने मनाच्या व्यथांसाठी आधार शोधला तो आयुर्वेदात, हे त्याच्या ग्रंथाच्या नावावरूनच दिसते. त्यामागची परंपराही पाहण्यासारखी आहे. चरकसंहितेने शरीराचे दोष वात, पित्त आणि कफ सांगितले, तर मनाचे दोष रज आणि तम. उन्मादाचे पाच प्रकार तिने मानले. त्यांपैकी चार शरीरातल्या दोषांनी होणारे आणि पाचवा आगंतुक, म्हणजे देव, गंधर्व, पिशाच यांच्या बाधेचा. पण या पाचव्या प्रकाराविषयीही चरकाने बजावले आहे की, ज्याने स्वतःच्या प्रमादाने स्वतःला पीडा दिलेली नाही, त्याला ना देव छळतात ना राक्षस. दोष त्यांच्या माथी मारू नये. मनाच्या रोगावर ज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपायही तेथेच आले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकाने हे म्हणावे आणि विसाव्या शतकातल्या घराने ते विसरावे, हा मोठा विपर्यास.

गोंधळाला शब्दाचाही हातभार आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी भूतविद्येला ग्रहचिकित्सा असेही म्हणतात. तेथला ग्रह म्हणजे धरणारा, झपाटणारा. आकाशातला शनी-मंगळ नव्हे. लोकव्यवहारात मात्र दोन्ही ग्रह एक झाले आणि झपाटलेपणाचा इलाज जोशाच्या ओसरीवर आला.

म्हणून गुलाबराव महाराजांना बुद्धिवादी सुधारकांच्या रांगेत नेऊन बसवणे योग्य होणार नाही. ते शास्त्रप्रामाण्य मानणारे, परंपरेचे कडवे अभिमानी होते. डार्विन आणि हर्बर्ट स्पेन्सर यांच्या मतांची त्यांनी दखल घेतली ती प्रतिवादासाठी. पण प्रतिवाद करायचा तर आधी समोरच्याचे म्हणणे नीट ऐकायचे, हा त्यांचा बाणा. प्रवासातही ग्रंथांच्या पेट्या बरोबर असत आणि वाचून दाखवणारा शिष्य सोबत असे. 'नावंग' नावाची भाषा आणि तिची लिपी त्यांनी स्वतः घडवली. डोळ्यांनी एकही अक्षर न पाहिलेल्या माणसाला लिपी निर्माण करण्याचा छंद जडावा, याचे उत्तर कोणत्या स्थानात कोणता ग्रह पाहून द्यायचे?

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे तेव्हापासून गुन्हा ठरले. पत्रिका पाहणे त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तो घराघरांच्या विवेकावर सोपवलेला विषय राहिला. अमरावती आणि अकोल्यातल्या घरांना हा विवेक बाहेरून आणावा लागणार नाही. तो त्यांच्याच मातीतल्या एका अंध ग्रंथकाराच्या शोधात सापडू शकतो.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात गुलाबराव महाराजांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात बाबाजी महाराज पंडित यांनी संप्रदायाची धुरा वाहिली आणि त्यांचे ग्रंथ पुढील पिढ्यांसाठी जतन झाले. संतचरित्र म्हणून त्यांचे नाव वऱ्हाडात घरोघरी आहे. 'मानसायुर्वेद' मात्र अजून फार थोड्यांनी उघडला आहे.