मूठभर धान्यावर उभी राहिलेली 'रयत'

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील अनेक खेड्यांत एके काळी एक साधी रीत होती. घरातील बाई दळण-कांडणाला बसली की त्यातील मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकी. आठवड्या-पंधरवड्याने कोणीतरी पोरगा झोळी घेऊन दारात येई आणि मडके त्या झोळीत रिकामे होई. हे धान्य देवळासाठी नसे की गोसाव्यासाठीही नसे. ते वसतिगृहात राहून शिकणाऱ्या परक्यांच्या मुलांसाठी असे. देणारी बाई बहुधा निरक्षर असे, तिचे स्वतःचे घरही तुटपुंज्या मिळकतीवर चालत असे. तरीही ती मूठ वेगळी निघे. या मुष्टिफंडाच्या बळावर ज्यांनी महाराष्ट्रातील एक विशाल शिक्षणसंस्था उभी केली, ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे आजोळी झाला. घराणे जैन शेतकऱ्याचे, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. त्या काळी मात्र सांगली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता आणि वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात मोडत असे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. अभ्यासात ते फारसे चमकले नाहीत. तालीम, कुस्ती आणि पोहणे यांतच त्यांचे मन अधिक रमे. स्पृश्यास्पृश्य भेदाची चीड मात्र त्यांच्या मनात लहानपणापासून होती. अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्या विहिरीचा रहाट त्यांनी मोडून टाकल्याची आठवण या भागात आजही सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव आवर्जून उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करूनच आत यावे, असा आग्रह वसतिगृहात धरण्यात आला. भाऊरावांनी तो साफ नाकारला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला. वसतिगृहाचे दार कोणासाठी उघडे असते आणि कोणासाठी बंद होते, याचा हा पहिला धडा त्यांना स्वतःच्या अनुभवातून मिळाला. पुढे आयुष्यभर त्यांनी जी वसतिगृहे काढली, त्यांतील एकाचेही दार जातीच्या नावाने बंद झाले नाही, याचे मूळ बहुधा याच प्रसंगात असावे.

शालेय शिक्षण अर्ध्यावरच सुटले. साताऱ्यात त्यांनी काही काळ खासगी शिकवण्या घेतल्या. त्याच सुमारास मिरज तालुक्यातील दुधगाव येथे सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थी आश्रम काढला. सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवण्याचा हा त्यांचा पहिला प्रयोग. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, यासाठी भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. लठ्ठे हे त्याच जैन वसतिगृहाशी संबंधित होते, जेथून भाऊरावांना बाहेर पडावे लागले होते. मनात आकस धरायला पुरेसे कारण होते. पण खोटे बोलण्यापेक्षा त्यांनी तुरुंगवास आणि छळ पत्करला. त्यापायी जीव देण्याचा प्रयत्न करण्यापर्यंत त्यांची मजल गेली, पण साक्ष त्यांनी दिली नाही.

या प्रकरणातून बाहेर पडल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी विक्रेत्याचा व्यवसाय धरला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे लोखंडी नांगर घेऊन ते गावोगाव फिरू लागले. लोखंडी फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची त्या काळी समजूत होती. भाऊराव बांधावर उभे राहून नांगर चालवून दाखवीत आणि शेतकऱ्यांच्या मनातील भीती घालवीत. या भटकंतीत त्यांनी नांगर तर खपवलेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे खेडे आतून पाहिले. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवणारा बाप आणि गुरे राखणारा त्याचा हुशार मुलगा त्यांना गावोगाव भेटला. दारिद्र्य आणि अज्ञान एकमेकांच्या आधाराने जगतात, हे त्यांना पुस्तकातून नव्हे, तर या पायपिटीतून उमगले.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता. कराड तालुक्यातील काले या गावी भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेत बहुजनांच्या शिक्षणासाठी संस्था काढण्याचा विचार मांडला गेला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी तेथेच रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावातच सारे आले. रयत म्हणजे कसणारा, राबणारा, सारा भरणारा सामान्य माणूस. काले येथील वसतिगृहापाठोपाठ वाळवा तालुक्यातील नेर्ले येथेही वसतिगृह निघाले. नोकरी सांभाळून हे काम चालले होते. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही भाऊरावांनी मोलाचा हातभार लावला. परंतु विकल्या जाणाऱ्या नांगरामागे शिक्षणासाठी मिळावयाच्या रकमेवरून तेथे मतभेद झाले. त्यानंतर त्यांनी नोकरीचा नाद सोडला आणि स्वतःला संस्थेस वाहून घेतले.

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन अशा सर्व समाजांतील मुले एका छपराखाली राहू लागली, एका पंक्तीत जेवू लागली. दळणे, स्वयंपाक, सरपण, झाडलोट, शेतकाम ही सारी कामे मुलांनीच करावयाची, असा दंडक होता. ज्याचे घर काही देऊ शकेल त्याने द्यावे, ज्याचे देऊ शकणार नाही त्याने श्रम द्यावेत, असा हा हिशेब होता. त्यामुळे तेथे कोणी कोणाच्या उपकाराखाली दबून राहत नसे. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र नांदताना पाहून गांधीजींनी समाधान व्यक्त केले.

या साऱ्या काळात संस्थेचा खरा भार एका स्त्रीच्या खांद्यावर होता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्याचे संस्कार असलेल्या सुखवस्तू घरातून आल्या होत्या. पतीने घरी आणलेल्या अस्पृश्य मुलांना आपल्या चुलीपाशी बसवणे त्यांना सुरुवातीला सोपे गेले नसणार. परंतु त्यांनी ते केले आणि मग मनापासून केले. मुलांच्या आजारपणात उशाशी बसणारी आणि सणावाराला गोडधोड घालणारी ती त्यांची आईच झाली. दागिने एकेक करून बोर्डिंगच्या खर्चात गेले. एकदा भाऊराव वर्गणीसाठी बाहेरगावी गेले असताना कोठीतील धान्य संपले. मुले उपाशी झोपणार, हे लक्षात येताच लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि त्या पैशांतून धान्य आणवले. सौभाग्यवतीने मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेचा विस्तार पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. भाऊरावांच्या नावापुढे कर्मवीर ही उपाधी लागली, परंतु त्या कर्माची किंमत घरातील कोणी मोजली, हेही इतिहासाने विसरू नये.

वसतिगृहे वाढली, तसा शिक्षकांचा प्रश्न उभा राहिला. खेड्यात जाऊन राहण्यास शहरातील शिक्षक तयार नसे. तेव्हा खेड्यातीलच तरुण तयार करावेत, या विचाराने १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढण्यात आले. पुढे ज्या गावात शाळा नाही तेथे व्हॉलंटरी शाळा काढण्याची मोहीम संस्थेने हाती घेतली. देऊळ, चावडी, धर्मशाळा, नाहीतर झाडाची सावली हीच शाळेची इमारत असे. जागा गावाने द्यावयाची, शिक्षक संस्थेने पाठवावयाचा आणि सरकारी अनुदान मिळेल तेवढ्यावर भागवावयाचे. अशा ५७८ शाळा संस्थेने चालवल्या. डोंगरकपारीतील वाड्यावस्त्यांपर्यंत पाटी-पेन्सिल पोहोचली ती या शाळांमुळे. तुटपुंज्या मानधनावर आडगावी राहणाऱ्या या शिक्षकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. परंतु भाऊरावांच्या कार्याचा पाया या अनामिक स्वयंसेवकांनी रचला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. संस्थेला आपले सारे आयुष्य देणारे आजीव सेवक ही कल्पनाही याच वृत्तीतून रुजली.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, तर १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजची स्थापना झाली. गरीब विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे, ही 'कमवा आणि शिका' योजना येथे महाविद्यालयीन पातळीवर राबवण्यात आली. मोठी देणगी देऊन या कॉलेजला दुसरे नाव देण्याची सूचना एका धनिकाकडून आली असता भाऊरावांनी ती तत्काळ धुडकावल्याचे सांगितले जाते. पैशाची चणचण त्यांना नित्याचीच होती, पण ती भागवण्यासाठी छत्रपतींचे नाव विकणे त्यांना मान्य नव्हते.

या स्वाभिमानाची कसोटी लवकरच लागली. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास सरकारच्या धोरणावर त्यांनी जाहीर टीका केली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षक, हजारो मुले आणि तिजोरी रिकामी, अशी अवस्था झाली. एखाद्याने दिलगिरी व्यक्त करून सुटका करून घेतली असती. भाऊराव पुन्हा रयतेकडे गेले. गावोगाव सभा झाल्या, धान्य आणि पैसा गोळा झाला, शिक्षकांनी पगाराविना काम केले. अखेरीस संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली आणि अनुदान पूर्ववत झाले. सरकार हात आखडता घेते तेव्हा संस्था कोणाच्या आधारावर तगते, याचे उत्तर त्या दिवसांनी दिले. हे ऋण भाऊरावांनी मनात ठेवले. १९५४ मध्ये कराड येथे निघालेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

भाऊरावांचा स्वभाव तापट होता, शिस्त कडक होती आणि निर्णय एकहाती घेण्याकडे त्यांचा कल होता. सहकाऱ्यांना त्याची झळ लागत असे. परंतु स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही, हे त्यांचे विरोधकही मान्य करीत. अंगावर जाडीभरडी खादी, हातात काठी आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अशी त्यांची मूर्ती या भागातील जुन्या पिढीच्या स्मरणात दीर्घकाळ राहिली. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी बहाल केली. स्वतः शालेय शिक्षणही पुरे न करू शकलेल्या माणसाचा हा गौरव होता. त्यानंतर लवकरच, ९ मे १९५९ रोजी, पुण्यातील ससून रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. साताऱ्यात त्यांची समाधी आहे.

रयत शिक्षण संस्थेने २०१९ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह आहे. वटवृक्षाच्या पारंब्या जमिनीला टेकून पुन्हा मूळ धरतात, तसे बोर्डिंगमध्ये शिकलेल्या कित्येक मुलांनी पुढे शिक्षक होऊन खेड्याची वाट धरली. झोळी घेऊन धान्य मागणारा पोरगा काही वर्षांनी दुसऱ्या मुलाच्या भाकरीची तजवीज करू लागला.

मुष्टिफंडाचे मडके आता घरोघरी दिसत नाही. जाते गेले, दळण गिरणीत गेले, शिक्षणाचे शुल्क लाखांत मोजले जाऊ लागले. शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरातील पहिला साक्षर माणूस मात्र अशाच कोणत्या तरी बोर्डिंगच्या पंगतीत बसून शिकलेला असतो. त्याच्या ताटातील भाकरी कोण्या अनोळखी बाईने आपल्या दळणातून काढून ठेवलेल्या मुठीची होती. दान देण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही, हे त्या बाईला ठाऊक होते. भाऊरावांचे मोठेपण इतकेच की, त्या मुठीवर त्यांनी विश्वास ठेवला.