व्याधी आणि व्रत

रायगड जिल्ह्यातील महाड हे जुन्या बाजारपेठेचे गाव. तेथील चवदार तळे सर्व लोकांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता; पण तो कागदावरच राहिला. गुराढोरांना तेथे पाणी पिता येई. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र ते वर्ज्य होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हजारो अनुयायांसह शिस्तीने तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्राशन करून त्यांनी सर्वांचा हक्क बजावला. त्याबद्दल अनुयायांना मार सोसावा लागला, न्यायालयात झगडावे लागले. अखेर १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. शाळेत वेगळे बसावे लागलेला हा मुलगा पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेला. त्यानंतर लंडन येथे अध्ययन करून ते अर्थशास्त्राचे पंडित व बॅरिस्टर झाले. वाचन, लेखन आणि लोकसेवा यांत त्यांनी विश्रांती अशी घेतलीच नाही.

उतारवयात मधुमेहाने त्यांना ग्रासले. या रोगात रक्तातील साखर देहाच्या उपयोगी न पडता रक्तातच साचते आणि कालांतराने डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू व हृदय यांची हानी होते. बाबासाहेबांच्या पायांत असह्य वेदना होत व रात्री झोप येत नसे. अशा स्थितीत ऑगस्ट १९४७ मध्ये ते राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. एप्रिल १९४८ मध्ये त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्याच पुढे सविता आंबेडकर या नावाने ओळखल्या गेल्या. पतीचे पथ्यपाणी व औषधोपचार त्यांनी सांभाळले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकृत झाली.

तरीही बाबासाहेब स्वस्थ बसले नाहीत. हिंदू स्त्रियांना वारसा व विवाह यांविषयी न्याय देणारे विधेयक त्यांनी हाती घेतले होते. दीर्घ उपचारांसाठी डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी ते तडीस जावे, असे त्यांनी १९५१ साली पंतप्रधान पंडित नेहरूंना कळविले. विधेयक रखडले, तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आपल्या बुद्धविषयक ग्रंथाचे काम ते अखेरपर्यंत करीत होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ज्या व्याधीने त्यांना छळले, तिच्याशी अनेक देशांचे शास्त्रज्ञ झुंजत आले आहेत. १९२२ साली कॅनडातील टोरांटो येथे एका १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचण्यात आले व त्याचे प्राण वाचले. शोधकर्त्यांनी त्यावरील आपला हक्क नाममात्र एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केला. मधुमेह हा सुखवस्तू लोकांचा रोग, असा समज पुष्कळ काळ होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे संशोधक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता व त्यांची बालके यांचा एकत्र अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले, तर साउदॅम्प्टनमधील बालकांचे ३.५. परंतु वजनाच्या मानाने आपल्या बालकांच्या अंगी स्नायू कमी व चरबी अधिक आढळली. मातेच्या पोषणाचा संबंध अपत्याच्या पुढील आयुष्यातील मधुमेह व हृदयविकार यांच्याशी पोहोचतो, हे अशा अभ्यासांतून उलगडू लागले.

म्हणजे मातेच्या ताटातील उणीव लेकराच्या देहात उतरते. ही विषमता दूर करण्यासाठी ज्ञानही पाण्याप्रमाणे सर्वांना खुले असावे लागते. देश-विदेशांतून ज्ञान मिळवून ते अखेरच्या श्वासापर्यंत दीनदुबळ्यांसाठी वेचणारे बाबासाहेब म्हणूनच सर्वांना वंदनीय होत.