बुकबाइंडरच्या दुकानातला पोरगा: मायकेल फॅरेडे

आपली मुलं दहावीत गेली की विज्ञानात इलेक्ट्रोलिसिसचा धडा येतो. ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द ती पाठ करतात. हे शब्द ज्याने रूढ केले तो मायकेल फॅरेडे शाळेत जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरता शिकला होता, हे मात्र त्यांना क्वचितच कुणी सांगतं.

१७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्याचा जन्म झाला. बाप आजारी, घरात तंगी. चौदाव्या वर्षी तो बुकबाइंडरकडे कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत सुटला. १८१२ मध्ये एका गिऱ्हाईकाने त्याला हंफ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोराने सगळं उतरवून घेतलं, स्वतः बाइंडिंग करून वही डेव्हींना पाठवली. त्याच सुमारास क्लोरीन आणि नायट्रोजनच्या एका स्फोटक संयुगाने डेव्हींच्या डोळ्याला इजा झाली होती. त्यांना मदतनीस हवाच होता. १८१३ मध्ये फॅरेडे त्यांच्या प्रयोगशाळेत लागला. पुढे त्याच संयुगाच्या स्फोटात त्याची बोटंही जखमी झाली!

आम्हाला सगळ्यात भावतो तो १८३३ चा प्रयोग. पाण्यातून वीज जाते, पण बर्फाचा पातळ थर तिला अडवतो, हे त्याने पाहिलं. मग शिशाचं क्लोराईड घेतलं. घट्ट असताना वीज जाईना. वितळवलं, तशी धो धो वाहू लागली. एकीकडे शिसं, दुसरीकडे क्लोरीन. पण कथिलाचं एक आयोडाईड वितळवूनही ढिम्म! असं का, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. शिशाच्या क्लोराईडमध्ये विद्युतभारित आयन असतात, वितळल्यावर ते मोकळे फिरतात. कथिलाच्या त्या आयोडाईडमध्ये अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन रेणू बनवतात; वितळलं तरी रेणू ते रेणूच, वीज वाहून नेणार कोण? इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ साली आणि इलेक्ट्रॉनच्या वाटणीची कल्पना लुईसने मांडली १९१६ मध्ये.

नावांसाठी त्याने विल्यम व्हेवेलसारख्या विद्वानांचा सल्ला घेतला. आपल्याला येत नाही ते विचारायची त्याला कधी लाज वाटली नाही.

सरदारकी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही. म्हातारपणी स्मरणशक्ती दगा देत गेली. राणीने राहायला दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला.