माळरानावर पैसे लावणारा राजा

आमच्या चुडाव्यात बचत गटाची बैठक बसली की एक प्रश्न हमखास निघतो. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्यांच्या नावावर, मग धंद्याला कर्ज काढताना आपण तारण ठेवायचं तरी काय? अशा वेळी मला औंधचे राजेसाहेब आठवतात, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारवाले राजे म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. मला ते माणूस पाहून पैसे देणारे म्हणून जास्त आवडतात.

त्यांचा जन्म १८६८ चा. बी.ए. झालेले, चित्रं काढणारे, कीर्तनाला उभे राहणारे. १९०९ साली गादीवर बसले. सातारा जिल्ह्यातलं औंध हे राजधानीचं गाव. बाकी संस्थान म्हणजे इकडेतिकडे विखुरलेला छोटासा मुलूख.

त्याच सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर अडचणीत होते. आज नाव मोठं आहे हो, तेव्हा कोण विचारत होतं! बढती डावलली म्हणून मुंबईतली मास्तरकी सोडली. भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. मग कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. पण नांगर खपेचना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, असं शेतकरी म्हणायचे. त्यात नगरपालिकेनं वस्ती वाढवायला त्यांची कारखान्याची जागाच मागितली.

बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळ, रेल्वे स्टेशनापाशी ३२ एकर माळ दिला आणि वर १० हजार रुपये कर्जाऊ. १९१० सालातले दहा हजार, बरं का! गादीवर येऊन वर्षही झालं नव्हतं आणि हा राजा न खपणाऱ्या नांगरावर पैसे लावत होता. कारभाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, असं आपलं मला वाटतं. माळावर काय, तर निवडुंग नि साप. रेल्वे तेवढी हाताशी. लोखंड यायला आणि तयार माल जायला तीच कामाची. आमचं चुडावाही रेल्वेवरच आहे, म्हणून हे गणित मला लगेच पटतं. कामगार बायकामुलांसह तिथं राहायला आले, माळ साफ केला, कारखाना उभा राहिला. तीच किर्लोस्करवाडी. पुढे नांगर खपला. आपल्याकडच्या काळ्या रानातून कुंदा-हरळी काढताना लाकडी नांगराचा कसा दम निघायचा, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आता हेही खरं, की ते राजे होते. एका शब्दावर जमीन देऊ शकत होते. बँकेच्या साहेबाला ते जमायचं नाही. पण मोठ्या जहागिऱ्या असलेले राजे तेव्हा कमी होते का? त्यांचा पैसा कशात जायचा, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कऱ्हाडजवळच्या ओगल्यांच्या काच कारखान्यालाही बाळासाहेबांचा आधार होता. आजीच्या घरातला प्रभाकर कंदील तिथलाच. १९३९ साली त्यांनी राज्यकारभारच प्रजेच्या हाती दिला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा त्यावरूनच सुचलेला. बाळासाहेब १९५१ साली गेले.

आणि त्या निवडुंगाच्या माळावर नुसते नांगरच झाले नाहीत. तिथं छापखानाही निघाला. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली तिथूनच एक मासिक सुरू केलं. आपल्या आज्या-आया ते हातोहात वाचायच्या. त्याचं नाव ‘स्त्री’.