नील्स बोर यांचा न ऐकलेला सल्ला

संहारक अस्त्राला आवर घालावयाचा तर तो एकाच्याच हाती असताना घालावा. ते अनेकांच्या हाती गेल्यावर करार दुष्कर होतो. हे सत्य मुत्सद्द्यांच्या आधी एका शास्त्रज्ञाने ओळखले, आणि मुत्सद्द्यांनी त्याचे ऐकले नाही. तो शास्त्रज्ञ म्हणजे नील्स बोर.

१८८५ साली कोपनहेगन येथे जन्मलेल्या बोर यांनी १९१३ मध्ये अणुरचनेचा नवा सिद्धान्त मांडला. १९२२ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. त्यांच्या मातोश्री ज्यू कुळातील. १९४३ च्या सप्टेंबरात जर्मनांच्या हाती सापडण्याचे संकट ओढवताच ते रात्रीच्या अंधारात होडीतून स्वीडनला निसटले. तेथून विमानाने इंग्लंड आणि पुढे अमेरिकेतील लॉस अलामॉस त्यांनी गाठले. तेथे अणुबाँब सिद्ध होत होता.

बाँब होईल की नाही, यापेक्षा तो झाल्यावर जगाचे काय होईल, ही चिंता त्यांस अधिक होती. निसर्गाचे नियम ही कोणा एका राष्ट्राची मिरास नव्हे. आज ना उद्या रशियाही ते अस्त्र बनवणार, हे त्यांनी ताडले. म्हणून बाँब पडण्यापूर्वीच रशियाला विश्वासात घेऊन अणुशक्तीवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणावे, असा त्यांचा आग्रह होता. १९४४ च्या मे महिन्यात चर्चिल यांनी अर्ध्या तासात त्यांची बोळवण केली. ऑगस्टमध्ये रूझवेल्ट यांनी आपुलकीने ऐकून घेतले. परंतु सप्टेंबरात उभयतांनी ती सूचना फेटाळली आणि वर बोर यांच्यावरच नजर ठेवण्याचे ठरवले! ज्या गुपितासाठी हा खटाटोप, ते मात्र लॉस अलामॉसमधूनच सोव्हिएत हेरांच्या हाती पोहोचले.

१९४९ मध्ये रशियाने स्फोट केला. ९ जून १९५० रोजी बोर यांनी संयुक्त राष्ट्रांस खुले पत्र लिहून, राष्ट्रांनी परस्परांस आपली दारे उघडावीत, असे विनवले. सोळा दिवसांनी कोरियात युद्ध पेटले. क्यूबाचा पेच सुटून महिना होतो न होतो तोच, नोव्हेंबर १९६२ मध्ये, ते निवर्तले. तोवर चार राष्ट्रे अण्वस्त्रधारी झाली होती.

स्टालिन त्या वेळी राजी झाला असता, असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु ज्याच्या हाती अस्त्र, त्याने प्रथम पुढाकार घ्यावा, हा बोर यांच्या सूचनेतील न्याय निर्विवाद आहे. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने हा क्रमच उलटा केला. नसलेल्यांनी घेऊ नये, हे बंधन पक्के आणि त्यावर तपासनिसांचा पहारा. असलेल्यांनी सोडावे, यासाठी केवळ वाटाघाटींचे वचन, तेही मुदतीवाचून. याच विषमतेवर बोट ठेवून भारताने सही नाकारली. तरीही हा करार निष्फळ ठरला नाही. आज अण्वस्त्रधारी राष्ट्रे नऊच आहेत, याचे बरेचसे श्रेय त्याला द्यावे लागेल.

मात्र केवळ इतरांना दारे लावून ही मर्यादा कायमची टिकणार नाही. पुढचे पाऊल त्या नऊ राजधान्यांनीच टाकावयाचे आहे. आणि त्यांत आता दिल्लीही आहे, याचा विसर आपणांस पडू नये.