प्राणवायूची मर्यादा

नागपूरहून सावनेरकडे गेले, की जमिनीच्या पोटातील कोळशाच्या खाणी लागतात. अशा खाणीत उतरणाऱ्या माणसाला पहिली चिंता हवेची असते. आत आग लागली किंवा विषारी वायू कोंडला, तर सुटकेसाठी जाणारे पथक श्वसनयंत्र बांधूनच आत शिरते. या यंत्रात सोडलेला श्वास वाया जात नाही. तो एका पिशवीत जातो. त्यातील कर्बवायू चुन्याच्या जातीचा एक पदार्थ शोषून घेतो, खर्च झालेला प्राणवायू नळकांड्यातून भरून निघतो आणि तीच हवा पुन्हा छातीत येते. असेच यंत्र लावून पाणबुडे समुद्रात उतरतात. युक्ती दिसते सोपी. परंतु किती खोलीवर कोणता वायू घ्यावा, हे ठरविण्यासाठी काही माणसांना आपला देह पणाला लावावा लागला. त्यांपैकी एकाने आयुष्याची अखेरची वर्षे आपल्या देशात काढली. त्यांचे नाव जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. त्यांचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक होते. खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यातील लहान पक्षी बरोबर न्यावेत, ही सूचना त्यांचीच. घरात त्यांची प्रयोगशाळा होती आणि मुलगा जॅक हा तेथील धाकटा मदतनीस होता.

एकदा वडिलांनी जॅकला एका खाणीत नेले. एका ठिकाणी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच ओळी झाल्या असतील, तोच मुलाला धाप लागली, पाय लटपटले व तो खाली कोसळला. जमिनीजवळची हवा मात्र चांगली होती. तेथे पडल्यावर तो लगेच सावरला. खाणीतील ज्वालाग्राही वायू हवेपेक्षा हलका असतो व छताशी साचतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. असला धडा आपल्या शाळांतून देता येणार नाही, आणि देऊही नये!

त्या काळी खोल पाण्यातून वर आलेले पाणबुडे कित्येकदा सांधेदुखीने तळमळत. काही पांगळे होत, काही दगावत. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाने हवेतील नत्रवायू रक्तात विरघळतो. माणूस झपाट्याने वर आला, की गोळीसोड्याची बाटली फोडल्यावर जसे बुडबुडे उसळतात, तसे ते त्याच्या अंगात उठतात. वडिलांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर येण्याची कोष्टके तयार केली. १९०६ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर त्यांची परीक्षा चालली असता तेरा वर्षांच्या जॅकनेही बुडी मारली. पोशाख मोठ्या माणसाचा. त्यामुळे आत पाणी झिरपू लागले. तरी मुलगा घाबरला नाही.

पुढे त्यांनी ऑक्सफर्ड येथे गणित आणि ग्रीक-लॅटिन साहित्य यांचा अभ्यास केला. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. १९१५ साली जर्मनांनी रणांगणावर क्लोरीन वायू सोडला, तेव्हा त्यावरील उपाय शोधण्यासाठी पितापुत्र त्याच वायूने भरलेल्या खोलीत जाऊन बसले. युद्धानंतर हॉल्डेन आनुवंशिकीचे मोठे पंडित म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले. ती कथा मोठी आहे. आपण पाण्याखालच्या श्वासाकडे वळू.

१ जून १९३९ रोजी थेटिस नावाची नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. तिच्यात नेहमीच्या दुप्पट, म्हणजे १०३ माणसे होती. त्यांत गोदीतील कारागीरही होते. तिचे शेपूट कित्येक तास पाण्याबाहेर दिसत होते, तरी चौघेच वाचले. ९९ माणसे मेली. ती का मेली, हे शोधण्याचे काम कामगार संघटनांनी हॉल्डेन यांच्यावर सोपविले. ते आणि चार सोबती एका पोलादी कोठडीत सुमारे चौदा तास कोंडून राहिले. आपल्याच उच्छ्वासाचा कर्बवायू साचत गेला तसे डोके ठणकू लागले, धाप लागली. आणि शेवटी सुटकेच्या यंत्रातून शुद्ध प्राणवायू घेताच काहींना भडभडून वांत्या झाल्या. बुडालेल्या माणसांवर काय ओढवले असावे, ते आता उमगले. सुटकेचे यंत्र हाती असूनही ते वापरण्याची ताकद कर्बवायूने आधीच हिरावून घेतली होती.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर नौदलासाठी हे प्रयोग पुढे चालले. दोन माणसे कशीबशी मावतील अशा एका पोलादी पिंपात शिरून हॉल्डेन व त्यांचे सहकारी दाब वाढवीत. साध्या हवेचा दाब दहापट झाला, की नत्रवायूने नशा चढे. भले भले विद्वान सोपी अंकगणिते चुकत आणि वर खदखदून हसत. काही वेळा थंडीचा परिणाम पाहण्यासाठी ते बर्फाच्या पाण्यात पडून राहत.

मग नत्रवायू वगळून शुद्ध प्राणवायूच का घेऊ नये? नावातच प्राण आहे, त्याचे भय कसले? परंतु येथेच खरा धोका होता. वाढत्या दाबाखाली प्राणवायूला किंचित आंबटगोड चव येते, अशी नोंद हॉल्डेन यांनी केली. नंतर ओठ फडफडतात, आणि एकाएकी अपस्मारासारखे झटके येतात. कोठडीत सोबती धावून येतो. समुद्राखाली मात्र तोंडातील नळी निसटली की माणूस बुडतो. सहकारी हेलन स्पर्वे, ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या, त्यांनाही असे झटके आले. एका झटक्यात हॉल्डेन यांचे मणके दुखावले व पाठीचे दुखणे कायमचे मागे लागले. हे धाडस की अविचार, असा प्रश्न मला पुष्कळदा पडतो. स्वभावानेही ते तिरसट व हट्टी होते. मात्र जे आपण सोसले नाही ते दुसऱ्याला सोसावयास त्यांनी सांगितले नाही.

त्यानंतर नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी पाणबुड्यांच्या पुष्कळ चाचण्या घेतल्या. कोरड्या कोठडीत जे सोसते ते पाण्यात सोसत नाही, असे त्यांना आढळले. आणि एकाच माणसाला आज सोसलेली मात्रा उद्या सोसेलच असे नाही. म्हणून मर्यादा माणसाच्या बळावर न ठेवता सर्वांना सारखी लावणे भाग पडले. आज असे पाणबुडे शुद्ध प्राणवायू साधारणतः ६ मीटरच्या खाली घेत नाहीत. अधिक खोल जावयाचे तर प्राणवायूचे प्रमाण कमी करतात आणि नत्रवायूची नशा टाळण्यासाठी हेलियम मिसळतात. प्रत्येक नळकांड्यातील मिश्रण बुडीपूर्वी मोजून पाहणे, त्यावर खोलीचा आकडा लिहिणे आणि यंत्र बिघडले तर दुसऱ्या वायूवर कसे जावे याचा सराव पुनःपुन्हा करणे, हे त्यांच्या शिक्षणाचे पहिले पाठ होत.

१९५७ साली हॉल्डेन प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या संस्थेत काम करण्यासाठी कलकत्त्यास आले. धोतर व कुडता हा त्यांचा वेष झाला, मांसाहार सुटला आणि १९६१ साली ते भारताचे नागरिक झाले. १९६२ मध्ये ते भुवनेश्वरला गेले. तेथे १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पाठविण्यात आला.