गाडीच्या नंबरपासून ६१७४ पर्यंत : देवळालीच्या कापरेकर मास्तरांची गोष्ट

सातारा/सांगली : एमएच ११ असो नाहीतर एमएच १०, गाडीच्या पाटीवरचा कुठलाही चार अंकी नंबर घ्या. चारी अंक सारखे नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लावून एक संख्या करा, चढत्या क्रमाने दुसरी. मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तसंच. समजा नंबर ४५१२. ५४२१ वजा १२४५ म्हणजे ४१७६. मग ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. उत्तर तीन अंकी आलं तर पुढं शून्य धरायचं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वरच गाडी थांबते.

हे हेरलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांनी. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्यातूनच पोराला आकडेमोडीची गोडी लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ ला रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले.

त्यांचा आणखी एक शोध तर बघत राहावा असा. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. असं करत नऊ एकांना नऊ एकांनी गुणलं की येतात १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी आकडा, एका बाजूनं घाट चढावा आणि दुसऱ्या बाजूनं उतरावा तसा. दहा एक घेतले की मध्ये हातचा येतो आणि नक्षी मोडते. या संख्यांना त्यांनी डेम्लो नाव दिलं, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. या सतरा अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं भागलं तर बाकी शून्य! स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं पुरती भागली जाणारी संख्या म्हणजे मास्तरांची ‘हर्षद’, आनंद देणारी.

पण बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळाली नाही, तेव्हा मास्तरांनी स्वतःच पुस्तिका छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घेतल्या. अखेर मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. मास्तर तोवर सत्तरीचे झाले होते. १९८६ मध्ये ते गेले.

६१७४ ला आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. तो खरा की खोटा, हे चौथीतलं पोरगंही वहीच्या एका पानावर तपासू शकतं. वजाबाकी तेवढी चुकायला नको.